भुजलीचं नाव

सकाळच्या दुसऱ्या चहाला रुचिने मोबाईलमधून डोकं न काढताच विचारलं, "मम्मीजी, तुमच्या त्या सहेलीचं नाव काय?" आणि माझ्या हातातली बशी कलंडली. चहा मांडीवर सांडला. रुचि माझी सून, बालाघाटची. ती फडकं घेऊन धावली आणि म्हणाली की आता बशीत ओतून पिणं सोडा, हात थरथरतो तुमचा. हात थरथरत नव्हता. साठी उलटलेल्या बाईच्या हातून काही सांडलं की हात थरथरला असंच लोक धरून चालतात. ती दचकू शकते हे कोणाच्या डोक्यात येत नाही. कोणती सहेली, असं मी उगाच विचारलं. तीच हो, जंगलवाली, जिच्याशी तुमचं बोलणं बंद आहे, ती म्हणाली, दूध संपलंय असं सांगावं तसं. मी म्हटलं, भुजली. ते समजलं, पण नाव, नाव काय? कार्यक्रमाच्या बोर्डावर भुजली कसं टाकणार? मी साडी झटकत उठले, न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि नळ सोडला. नाव मला ठाऊक होतं, का नसणार. पण ते मी कधी घेतलं नव्हतं, आणि दार बंद असताना, पाण्याचा एवढा आवाज असतानाही ते घेण्याची माझी हिंमत झाली नाही. साडीचा डाग निघेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

भुजली म्हणजे काय हे मी रुचिला दोनदा सांगितलं आहे आणि दोन्ही वेळा तिने 'सो स्वीट' म्हणून विषय संपवला आहे. त्यात गोड काही नाही. नागझिऱ्याच्या कडेला आमचं गाव. आम्ही पोवार, पिढ्यान् पिढ्या धान पिकवणारे. आपले पूर्वज माळव्यातून आले हे सांगताना माझ्या बापाची मान दोन बोटं वर जायची. माझी भुजली गोंडाची पोर, तिचा बाप जंगलात बांबू तोडायचा. श्रावणात गावच्या पोरी पळसाच्या पानांच्या द्रोणात माती आणि शेणखत घालून गहू पेरायच्या आणि द्रोण घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवायच्या. ऊन न लागल्यामुळे अंकुर हिरवे होत नाहीत, पिवळे आणि लुळे वाढतात. त्यांनाच भुजली म्हणायचं. राखी झाली की ती डोक्यावर घेऊन तळ्यावर जायचं, माती धुऊन सोडायची आणि उरलेले अंकुर एकमेकांना द्यायचे. बहुतेक जण नुसते देतात आणि पाया पडतात. पण दोघींनी ठरवून, मोठ्यांच्या समोर, ते एकमेकींच्या कानावर खोवले आणि नारळ बदलले की त्या जन्माच्या भुजल्या. सख्ख्या बहिणीच्या वर. तिच्या घरचं सुतक ते माझं, माझ्या घरचं ते तिचं. आणि तिथून पुढे एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती भुजली म्हणून. भांडणातसुद्धा. "नाव घेतलं तं तुटलं," तिची माय आम्हाला म्हणाली होती, आणि सुपातले खडे वेचत राहिली होती. नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, पुढे बँकेत घेतलं, आणि आणखी पुढे तर रागाच्या भरात त्यांच्या तोंडावर घेतलं. भुजलीचं कधीच नाही. इथे लिहितानाही घेणार नाही.

तर ते नाव रुचिच्या महिला मंडळाला बोर्डावर हवं होतं. कारण पुण्याहून एक कलाकार आला होता. त्याला नवेगाव बांधच्या बाजूला, तलावापासून थोड्या अंतरावर, एक मोकळी जागा मिळाली होती आणि तिथे तो झाडं लावणार होता. झाडं लावतात त्यात काय, माझ्या पोराच्या, तिलकच्या राईस मिलच्या कुंपणालाही सागवान लावलेलं आहे. पण ही झाडं नव्हती म्हणे, ही जिवंत कलाकृती होती. आभाळातून बघितलं की दोन उघडे तळवे दिसावेत अशी तिची आखणी. माणसाला आभाळातून बघायची हौस कुठून लागली कोण जाणे. आमच्याकडे आभाळातून गिधाडं बघायची, तीही आता राहिली नाहीत. आणि या तळव्यांनी शांती पसरणार होती. जिल्ह्याचं नाव पेपरात आलं तर नक्षलवाद्यांमुळे नाहीतर वाघामुळे येतं, तेव्हा शांती म्हटल्यावर साहेब लोकही खूष झाले. कलाकाराची अट एकच: प्रत्येक खड्ड्यात रोप लावतील ती दोन माणसं एकमेकांशी तुटलेली हवीत. त्यांनी एकाच खड्ड्यात हात घालायचे, आणि माती लोटताना माईकवर एकमेकांचं नाव घ्यायचं. ज्याच्याशी आपण तुटतो त्याचं आपण नाव टाकतो, असं तो मंडळाच्या सभेत म्हणाला. नाव पुन्हा उच्चारलं की वैर विरघळतं. हे म्हणताना त्याने डोळे मिटले होते आणि मनगटातलं पितळी कडं फिरवलं होतं. बाया भारावल्या. मी मागच्या खुर्चीवर बसून त्याच्या सदऱ्याकडे बघत होते. तो मुद्दाम चुरगळलेला होता. आमच्या घरी असा सदरा असता तर मी इस्त्रीवाल्याला शिव्या दिल्या असत्या.

तुटलेल्या माणसांचा आमच्या गोंदियात तोटा नाही. पाट्यांवरून भांडणारे कापडवाले आले. एकमेकांवर केस घातलेले माजी सरपंच आले. मंडळातल्या दोन बायका तर बोर्डावर नाव लागावं म्हणून ऐन वेळी हळदीकुंकवाच्या वाणावरून भांडल्या, हे मी पाहिलेलं आहे. पण कलाकाराला हे सगळे फिके वाटत होते. त्याला म्हणे एखादी खरी, जुनी, मातीतली जोडी हवी होती. तिथे रुचिला सासू आठवली. पोवाराची बाई आणि गोंडाची बाई, शहर आणि जंगल, लहानपणची मैत्री आणि मग अबोला. रुचिने हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने तिचे दोन्ही हात धरले म्हणे. रुचि हे मला फार कौतुकाने सांगत होती आणि मी वांगी चिरत होते. मला त्या सगळ्यांची किळस आली, आणि त्या किळसेच्या खाली, कोणाला दिसू नये अशा जागी, मला एवढंच कळलं की ती येईल. ती आली तर मला दिसेल. तिला बघून किती वर्षं झाली होती. मी म्हटलं, तुझ्या मंडळाची अब्रू जाऊ नये म्हणून येते, मला त्या खड्ड्यांचं काही पडलेलं नाही.

आमचं बोलणं कशावरून बंद झालं हे रुचि लोकांना 'काहीतरी गैरसमज' म्हणून सांगते. गैरसमज कसला, दोघींना सगळं नीट समजलं होतं. आमचे हे, मनोहरलाल, गेले तेव्हा सगळा गोंदिया आमच्या अंगणात उलटला होता. मिलवाले आले, अडते आले, आमगावचे सोयरे आले, ज्यांना यांनी जन्मभर दारात उभं केलं नाही तेही आले. मी भिंतीला टेकून बसले होते आणि फाटकाकडे बघत होते. बायका माझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून फाटकाकडे बघत होते. भुजलीने अशा वेळी सगळ्यांच्या आधी यायचं असतं, पदरात तांदूळ बांधून यायचं असतं, पहिला घास तिच्या हातचा. ती आली नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. दुसऱ्यांच्या हातचा पहिला घास मी खाल्ला आणि तो मला उतरला नाही. पुढे कळलं की ती म्हणाली, "मले कोन सांगाले आलं? मानूस धाडला असता तं पायी आली असती." आमच्या भागात मरणाचा निरोप माणूस घेऊन जातो. तो अंगणात उभा राहतो, पाणीही पीत नाही, सांगतो आणि तसाच पुढच्या गावाला निघतो. तो येईपर्यंत बातमी कानावर आली तरी ती आली असं धरायचं नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल. पण मी मेलेल्या नवऱ्याच्या उशाशी बसले होते, माणसं धाडायचं काम माझं नव्हतं. तिलकने मोबाईलवर सगळ्यांना कळवलं. तिच्या पोराच्या, लालसिंगच्या मोबाईलवरही ते गेलं, त्याने ते वाचलं, मायला वाचून दाखवलं. एवढं झाल्यावर माणूस कशाला हवा? वाऱ्यावरही बातमी जाते. जिला यायचं असतं ती येते. ती माझ्या माणसाची वाट बघत राहिली आणि मी तिची, आणि दोघींनी एकमेकींची वाट बघण्यात वर्षं घालवली. याला वैर म्हणतात की नाही ते त्या कलाकाराला विचारायला हवं.

पण एक गोष्ट होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. बाजारात मोहफुलं विकायला त्या बाजूची एक बाई येते. तिला मी दर खेपेला, भाव करता करता, आडून आडून विचारायची. ती सांगायची की ती म्हातारी बरी आहे, गुडघे धरतात, अजून तलावावर मासोळी घ्यायला जाते. आणि माझं नाव निघालं तर? नाव नाही काढत, ती बाई हसून म्हणायची, 'माही भुजली गोंदियाले रायते' असंच म्हणते. बस. मला मोहफुलं कशालाही लागत नसताना मी ती घेऊन यायची आणि रुचि म्हणायची, घरभर वास सुटतो. ती माझ्यावर रागावलेली असो, माझं तोंड न बघो, तिने माझं नाव घेतलं नव्हतं. मीही तिचं घेतलं नव्हतं. तेवढं टिकून होतं तोवर काही तुटलं नव्हतं, नुसतं थांबलं होतं. नवरा गेल्यावर मला 'मी' म्हणायला तेवढी एकच जागा उरली होती. तिलकसाठी मी आई आहे, रुचिसाठी मम्मीजी, मिलमधल्या हमालांसाठी मालकीणबाई. भुजली मी फक्त तिची. ती जागा गेली तर माझ्यात काय उरतं हे मला बघायचं नव्हतं.

नाव शेवटी रुचिने लालसिंगकडून काढलं. जेवताना तिने ते मोठ्याने वाचलं, हिंदी वळणाने, आणि विचारलं, बरोबर आहे ना? मी ताटातली भाजी बाजूला सारत होते. परक्या तोंडून ते नाव ऐकून मला लाज वाटली, कोणीतरी तिला भर रस्त्यात उघडं केल्यासारखी. मग रुचि म्हणाली की त्या तयार आहेत. येते म्हणाल्या. मी विचारलं, माईकवर नाव घ्यायचं हे सांगितलं का तिला? सगळं सांगितलं, रुचि म्हणाली, लालसिंगच्या मोबाईलवर मी स्वतः बोलले त्यांच्याशी, हसल्या नुसत्या. हसली. मी रात्रभर त्या हसण्याचा विचार केला, आणि सकाळपर्यंत मला ते उमगलं, म्हणजे उमगलं असं मला वाटलं. ती नाव घेणारच नव्हती. ती माईकवर भुजली म्हणणार होती. मीही भुजली म्हणणार, आणि तो कलाकार आपलं कडं फिरवत उभा राहणार, आणि त्याचं ते नावाने वैर विरघळवणं त्याच्याच माईकवर फुस्स होणार. त्या कल्पनेने मला जे सुख झालं ते मला कित्येक दिवसांत झालं नव्हतं. आम्ही लहानपणी शाळेच्या गुरुजींची अशीच फजिती करायचो, आधी न ठरवता, नुसतं एकमेकींकडे बघून. मला वाटलं ती तेव्हासारखीच माझ्याकडे बघून हसली आहे, इतक्या लांबून.

कार्यक्रमाच्या काही दिवस आधी रुचि जागा बघायला निघाली आणि मी तिच्यासोबत गाडीत बसले. जागेवर खड्डे खणून झाले होते. कलाकार छत्री न घेता भिजत उभा होता आणि मजुरांना दोरीची रेष पुन्हा पुन्हा सरकवायला लावत होता, कारण करंगळी वाकडी येत होती. त्याने मला 'आई' म्हणून मिठी मारली. त्याच्या अंगाला कसलातरी महागडा वास होता. त्याने विचारलं की मैत्रिणीची कोणती आठवण सर्वात हिरवी आहे. मी म्हटलं, तिच्या डोक्यातल्या उवा. तो आधी गडबडला, मग फार सुंदर, फार सुंदर, असं म्हणाला. तोवर मला गंमत वाटत होती. परतताना तिच्या सासरच्या गावावरून रस्ता होता. रुचिने गाडी हळू केली आणि लालसिंगने सांगितलेलं घर शोधलं. कौलारू, लिपलेलं, कुडाला मासोळीचं जाळं टांगलेलं. दाराच्या आत कोणीतरी वाकून काहीतरी करत होतं, पाठ तेवढी दिसत होती. रुचिने गाडी थांबवली आणि म्हणाली, उतरता का मम्मीजी? आत्ताच भेटून घ्या. माझा हात दाराच्या कडीवर गेला होता. मग मला फाटक आठवलं, ते तेरा दिवस आठवले. मी तिच्या दारात आधी जाऊ? नवरा माझा गेला होता, तिचा नाही. आणि चार दिवसांवर ती येणारच होती, माझ्यासोबत हसायला येणार होती. उगाच कायले गडबड. मी म्हटलं, चल, पाऊस वाढतो आहे. गाडी निघाली. मी मागे वळून पाहिलं नाही, मान आखडेल म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी उघाड होती. मंडप टाकला होता, खुर्च्यांना पांढरी कापडं बांधली होती, स्टेजवरचा माणूस 'देवियों और सज्जनों' पासून 'बंधू-भगिनींनो' पर्यंत सगळ्या भाषांत घसा साफ करून घेत होता. वरून फोटो काढायला आभाळात ते घोंघावणारं ड्रोनचं यंत्र सोडलं होतं. जोड्या एकेक करून खड्ड्यांकडे नेत होते. कापडवाल्यांनी एकमेकांची नावं अशी घेतली की पुढची केस त्यातूनच निघावी. सरपंच रडले. त्यातला एक तर रडून झाल्यावर फोटो नीट आला का म्हणून विचारत होता. मी पहिल्या रांगेत बसून सगळं बघत होते आणि माझ्या ओठांच्या कोपऱ्यात हसू मावत नव्हतं, कारण मला माहीत होतं की यांच्या नाटकात आता एक खरी गोष्ट येणार आहे. तेवढ्यात लालसिंग माझ्याजवळ आला. वनखात्यात रोजंदारीवर असतो, बापासारखाच उंच निघाला आहे. पाया पडला. मावशी म्हणाला. अजून मावशी म्हणतो. मी नुसतं बरं आहे ना, एवढंच विचारलं. तो चुळबुळला, मग म्हणाला, "त्या दिशी गाडी आली होती ना तुमची. मायने पाहिली. भुजली आली मने, अन् चहा मांडला." मी पदर सारखा केला. "चहा उकळत रायला," तो म्हणाला, "मंग तिनंच उतरवला." त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल मला माहीत असावं. त्याच वेळी माईकवर आमची नावं पुकारली गेली आणि रुचिने माझा दंड धरला.

ती खड्ड्याच्या पलीकडे उभी होती. वाळली होती. कोणीतरी, बहुतेक मंडळाने, तिला हिरवी कोरी साडी नेसवली होती, तिची घडी अजून मोडलेली नव्हती. कपाळावरचं गोंदण तेच. मी तिच्याकडे बघून हसायला लागले, गुरुजींच्या वेळचं हसू, आणि ती माझ्याकडे बघत होती पण तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. रागही नव्हता. राग असता तर मला ओळखता आला असता. कलाकाराने आमच्या दोघींचे हात घेऊन मातीत खुपसले. तिचा हात माझ्या हाताला लागला, खरखरीत, गार. अर्जुनाचं रोप होतं. मी हळूच बोटाने तिच्या बोटाला दाबलं. तिने हात काढला नाही आणि दाबलाही नाही. लालसिंगने सांगितलेला चहा माझ्या डोक्यात उकळत होता, आणि मला तिथेच, त्या सगळ्या लोकांत, तिला सांगायचं होतं की पाऊस वाढला होता, म्हणून. स्टेजवरचा माणूस माईक घेऊन खाली आला आणि त्याने तो आधी तिच्यापुढे धरला. आभाळातलं यंत्र खाली उतरलं. तिने माईककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दुर्गेश्वरी मनोहरलाल बिसेन."

एक अक्षर चुकलं नाही. तिच्या बोलीत माझं नाव असं उमटत नाही. तिच्या तोंडी ते दुर्गेस्वरी व्हायला हवं होतं, पण तिने 'श्व' अगदी स्वच्छ काढला. तिने ते पाठ केलं होतं. घोकलं होतं, चुलीपुढे, तलावावर, चार दिवस. माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. रुचि रडत होती. कलाकार दोन्ही हात छातीवर ठेवून आभाळाकडे बघत होता. हजारभर माणसांना वाटत होतं की त्यांच्या समोर काहीतरी जुळलं, आणि काय झालं ते त्या मैदानात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. लहानपणी गुरुजींची फजिती करताना असंच व्हायचं. मग माईक माझ्यापुढे आला. माझ्याकडे तिचं नाव होतं. मी ते घेऊ शकले असते, हिशेब तिथेच चुकता झाला असता आणि मी मान ताठ ठेवून घरी गेले असते. जन्मभर मी असंच करत आले आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "भुजली." टाळ्या थांबल्या. कलाकार हलकेच म्हणाला, नाव, आई, नाव घ्या. मी पुन्हा म्हटलं, "भुजली." मागून रुचिने मला कुजबुजत नाव सांगितलं, मी विसरले असं तिला वाटलं. लोकांनी समजून घेतलं की म्हातारीला भरून आलं आहे, आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या, आधीपेक्षा जोरात.

ती रोपाच्या बुडाशी माती दाबत होती. नीट दाबत होती, चारही बाजूंनी, घरच्या परसात दाबावी तशी. माईक दूर गेल्यावर, मान वर न करता, ती मला म्हणाली, "भुजली कोन? मले नाव आहे, बाई."

बाई म्हणाली. मग तिने गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं, कोऱ्या साडीला हात पुसले आणि लालसिंगकडे चालू लागली. चिखलात तिचा पाय घसरला तेव्हा तिने खांबाला धरलं. स्टेजवरच्या माणसाने पुढची जोडी पुकारली. कलाकार माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणत होता, आजच्या दिवसातला सगळ्यात सुंदर क्षण वगैरे, आणि मी त्याचा हात झटकून दोन पावलं पुढे गेले. ती मंडपाच्या कडेला पोहोचली होती, अजून हाकेच्या अंतरावर होती. मला तिला थांबवायचं होतं. मी हात वर केला, श्वास घेतला, आणि तिला काय म्हणून हाक मारू ते मला सुचेना.